पुण्याच्या नवी पेठेतल्या अभ्यासिकेचे सहा संगणक : प्रकल्प नोंदी

शनिवार, १ फेब्रुवारी २०२५

पाच संगणक एका कंपनीने जुने म्हणून दिले, उरलेला एक कुणाच्या तरी घरून आला. मॉनिटर इकडूनतिकडून गोळा झालेले. बँकेच्या आणि एसएससीच्या (दहावीच्या नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या) परीक्षा संगणकावर होतात, तेव्हा मुलांना तसाच सराव इथे बसून करता यावा, एवढाच उद्देश. अभ्यासिका चालवणाऱ्या काकांनी टेबलं मांडून, हाताला येईल ती केबल बसेल तिथे लावून ठेवली होती. सहापैकी फक्त दोन नंबरच्या टेबलावरच्या मॉनिटरवर चित्र आहे. बाकीच्यांबद्दल काकांचा निकाल झालेला: "मॉनिटर गेलेत सगळे. भंगारात घालू."

घाई नको म्हटलं. आज काहीही न उपटता प्रत्येक मॉनिटर काय दाखवतोय ते लिहून घेतलं. "डिस्प्ले नाही" ही तक्रार एकच असली तरी इथे तिच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत. एक नंबर कधी लागतो, कधी नाही. तीन आणि चारवर "नो सिग्नल". पाच नंबरवर कंपनीचं चिन्ह दोन सेकंद दिसतं आणि अंधार. सहावर "सिग्नल केबल तपासा".

"नो सिग्नल" वाचून लोक हताश होतात, मला उलट बरं वाटतं. मॉनिटरचं पॅनल, दिवा आणि आतला बोर्ड चालू आहे म्हणून तर ती अक्षरं दिसतायत. काळजी करायची ती पाच नंबरची. मॉनिटरच्या मागचे आणि कॅबिनेटच्या मागचे पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, ह्यांचे फोनवर फोटो काढून घेतले, रात्री घरी जोड्या जुळवून बघेन.

रविवार, २ फेब्रुवारी

चार नंबर लगेच सुटला. कॅबिनेटमध्ये चित्र तयार करणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे आणि केबल मात्र वरच्या बाजूला, मदरबोर्डच्या म्हणजे मुख्य बोर्डाच्या पोर्टला लावलेली. कार्ड बसवलेलं असलं की बरेच मदरबोर्ड स्वतःचं पोर्ट बंद ठेवतात. केबल खाली कार्डाच्या पोर्टला लावली, चित्र आलं. नव्या असेंबल केलेल्या मशीनमध्ये ह्याचाच भाऊबंद भेटतो: इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबराच्या शेवटी "एफ" असतो त्यात ग्राफिक्स नसतं. मदरबोर्डवर पोर्ट दिसतं, पण तिथून काही येत नाही.

एक नंबरने मात्र दुपार खाल्ली. चोवीस इंची मॉनिटर, डिस्प्लेपोर्ट ते डिस्प्लेपोर्ट सरळ केबल. (डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआय, व्हीजीए ह्या मॉनिटरला चित्र पोचवायच्या जोडणीच्या तीन वेगवेगळ्या जाती.) रात्री बंद केलेलं मशीन सकाळी सुरू करावं तर पंखा फिरतो, दिवा लागतो, चित्र नाही. केबल उपसून पुन्हा खोचली की सगळं व्यवस्थित. काका म्हणाले, "लूज आहे." लूज असती तर हलवल्यावर कधीतरी चालू मशीनचं चित्रही गेलं असतं. ते एकदाही गेलं नाही. बिघाड फक्त बंद मशीन चालू करताना.

डिस्प्लेपोर्टच्या वीस पिनांपैकी विसाव्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात. पोर्टला थेट लागणाऱ्या अडॅप्टरला वीज मिळावी म्हणून ती सोय. ही वीज संगणकही देतो आणि मॉनिटरही, त्यामुळे साध्या केबलमध्ये ती पिन दोन टोकांना जोडायचीच नाही असा नियम आहे. स्वस्त केबली करणारे काही जण वीसच्या वीस तारा सरळ जोडून मोकळे होतात. मग संगणक बंद असताना स्टँडबायवरचा मॉनिटर त्याला उलटीकडून वीज पुरवत राहतो, मदरबोर्ड धड बंद नाही की धड चालू नाही अशा अवस्थेत अडकतो, आणि सकाळी उठत नाही.

मल्टिमीटरच्या टोकांना टाचण्या बांधून केबलच्या दोन्ही टोकांच्या विसाव्या पिना तपासल्या. मीटर वाजला, म्हणजे त्या एकमेकींना जोडलेल्या. माझ्या घरच्या केबलवर वाजत नाही. तीच लावली आणि मशीन अनेकदा बंद-चालू करून बघितलं, दर वेळी चित्र आलं. जुनी केबल कात्रीने मधोमध कापून टाकली. कपाटात ठेवली असती तर पुढच्या वर्षी कुणीतरी "चांगली आहे की" म्हणून परत लावली असती.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तीन नंबर. घरून आलेला संगणक हाच, ह्याला फक्त एचडीएमआय. मॉनिटरचं एचडीएमआय पोर्ट तुटलेलं, डिस्प्लेपोर्ट शाबूत. मधे एक टोक एचडीएमआय आणि एक टोक डिस्प्लेपोर्ट अशी केबल. दोन्ही टोकं घट्ट बसतात, म्हणून सगळ्यांना वाटतं की झालं काम.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो होतो, तिथल्या एका दुकानदारानेही छातीठोकपणे सांगितलं की ही केबल दोन्हीकडून चालते. चालत नाही. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टवर दोन अधिकची चिन्हं असलेली खूण असेल, तर ते पोर्ट समोर एचडीएमआय आहे हे ओळखून त्याच्या भाषेत सिग्नल देऊ शकतं. एचडीएमआयला डिस्प्लेपोर्टची भाषा येत नाही. २००२ साली एचडीएमआयची पहिली आवृत्ती आली तेव्हा डिस्प्लेपोर्ट जन्मालाही आलं नव्हतं, ते २००६चं. उलट्या दिशेने जायचं तर आत चिप असलेला, वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तो महाग पडतो.

पण विकत कशाला घ्यायचं? दोन नंबरच्या संगणकाला डिस्प्लेपोर्ट आहे आणि मॉनिटरला एचडीएमआय. दोन आणि तीनचे मॉनिटर आपापसात बदलले. आता दोन नंबरला डिस्प्लेपोर्ट सरळ, तीन नंबरला एचडीएमआय सरळ, मधे अडॅप्टर नाही. खर्च फक्त एका पाच मीटरच्या एचडीएमआय केबलचा. टेबलाची रचना अशी की कॅबिनेट खाली दूर ठेवावं लागतं, त्यामुळे लांब घेतली. बारीक आहे, दुकानात तीच होती.

एक वाजून गेला होता, बाकीची खरेदी राहिली. दुपारी दुकानदाराला उठवायची माझी प्राज्ञा नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

सहा नंबर. एकोणीस इंची चौकोनी मॉनिटर, त्याला फक्त व्हीजीए. संगणकाला डिस्प्लेपोर्ट, मधे अडॅप्टर. दुसऱ्या मॉनिटरवर अडॅप्टर चालला, म्हणजे तो बरा आहे. मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू दिसतो, म्हणजे पॅनलही बरं. राहिली केबल. पण केबल खराब असली की व्हीजीएमध्ये सहसा रंग बिघडतात: लाल तार तुटली की सगळं निळसर-हिरवं दिसतं. इथे तर काहीच नाही.

ह्या संगणकाला डिस्प्लेपोर्ट दोन आहेत. दुसऱ्यावर चालू मॉनिटर लावला आणि लिनक्समधून (संगणकाची प्रणाली) पहिल्याकडे पाहिलं. संगणकाच्या मते पहिल्या पोर्टला काहीही जोडलेलं नाही. केबल समोर लोंबतेय आणि संगणक म्हणतो, कुणी नाही.

मॉनिटर न दिसण्याच्या निम्म्याअधिक तक्रारी मी ह्याच जागी संपताना बघितल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. काका, तुम्हीही वाचा. संगणक चित्र पाठवण्याआधी मॉनिटरला विचारतो, तू कोण. मॉनिटर १२८ बाइटचं एक टिपण पाठवतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. परीक्षा केंद्रावर हॉल तिकीट दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत, तसंच. त्यात कंपनीची तीन अक्षरं, बनवल्याचा आठवडा आणि वर्ष, किती बाय किती चित्र झेपतं, हे सगळं असतं. हे टिपण ज्या छोट्या चिपमध्ये असतं तिला वीज संगणकाकडून, केबलमधल्या पाच व्होल्टच्या तारेतूनही मिळते. म्हणून व्हीजीए किंवा एचडीएमआयवर मॉनिटर भिंतीतून बंद केला तरी संगणकाला त्याचं नाव वाचता येऊ शकतं. हे टिपण पोचलं नाही की काही संगणक अंदाजाने १०२४ बाय ७६८चं चित्र देतात, आणि काही, किंवा मधले अडॅप्टर, गप्प बसतात. आपला अडॅप्टर गप्प बसणारा.

सहा नंबरचं टिपण वाचायला गेलो तर रिकामं. पाच नंबरची व्हीजीए केबल काढून इथे लावली आणि लगेच १२८ बाइट आले. सुरुवात नियमाप्रमाणे: एक शून्य, सहा वेळा २५५, परत शून्य. सगळ्या बाइटांची बेरीज २५६ने भागली, बाकी शून्य, म्हणजे टिपण शाबूत. वर्षाच्या जागी १८. हा आकडा १९९०मध्ये मिळवायचा, मॉनिटर २००८चा निघाला. चित्रही आलंच.

मग मूळ केबलच्या तोंडाकडे भिंगातून पाहिलं. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी बारा आणि पंधरा ह्या दोन पिनांवरून हे टिपण वाचलं जातं. बारावी कुणीतरी जोर लावून खुपसताना पार आडवी झोपवलेली. रंगांच्या पिना १, २, ३ ठीक आहेत, त्यामुळे केबल वरवर निर्दोष वाटत होती. नववी पिन जागेवर नाही, पण तो दोष धरायचा नाही. पूर्वी कित्येक प्लगमध्ये ती मुद्दाम गाळायचे.

शिसं काढलेल्या पेन्सिलीचं, म्हणजे आपल्या क्लच पेन्सिलीचं, पोकळ टोक पिनवर चढवून हळूच उभी केली. चालली. दुसऱ्यांदा वाकली तर तुटेल.

संध्याकाळी काकांनी टेबलावर पाटी चिकटवली: "केबल ओढू नये. ओढल्यास जिथून ओढली तिथेच लावावी. जमत नसेल तर मुळात ओढू नये."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गुरुवार, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद. पुण्यात हे समजावून सांगावं लागत नाही. अर्धी रजा होती, पाच नंबर उघडायला दिवस बरा.

त्याचं निदान आधीच झालं होतं. चित्र दोन सेकंद दिसून जातं तेव्हा काळ्या पडद्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघायचा. धरला, तर आत डेस्कटॉप फिकट दिसत होता. चित्र आहे, मागचा उजेड नाही. ह्या जुन्या मॉनिटरमध्ये एलईडी नसून बारीक फ्लुरोसंट नळ्या असतात. त्यांना शेकडो व्होल्ट देणारा इन्व्हर्टर गडबड दिसली की स्वतःहून बंद पडतो. नळ्या संपलेल्या असू शकतात, पण त्याआधी वीज पुरवणारा बोर्ड बघायचा.

उघडून पाहिलं तर दोन कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) डोक्यावर फुगलेले. मोठ्या कॅपॅसिटरपासून हात लांब ठेवला. २३० व्होल्टचा पुरवठा सरळ केल्यावर त्यावर सव्वातीनशे व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. मीटरने शून्य दिसेपर्यंत बोर्डाला हात लावायचा नाही, आणि हे काम मुलांनी करायचं नाही. बघायला तिघं उभी होती, म्हणून हे वाक्य इथे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

चारही लहान कॅपॅसिटर बदलले, फुगलेले दोन आणि त्यांचे शेजारी. क्षमता तीच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि १०५ अंश तापमानापर्यंत चालणारे. पांढरी पट्टी ऋण बाजूला. मॉनिटर लागला आणि लागलेला राहिला. रंग जरा पिवळट आहे, नळ्या म्हाताऱ्या झाल्यात.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. बाहेर ढोल, आत सहाही स्क्रीन चालू. मुलं सकाळपासून सराव परीक्षा देतायत. दुपारी तीन नंबरवरची मुलगी आली. "दादा, मधेच डिस्प्ले जातो आणि परत येतो." बघायला गेलो, तासभर काही झालं नाही. उठलो आणि मागून आवाज, "आत्ता गेला!"

शनिवार, २२ फेब्रुवारी

तीन नंबर. एक-दोन सेकंद काळा, मग आपोआप परत. दिवसातून कितीही वेळा, कधी लागोपाठ, कधी तासन्‌तास नाही. केबलची टोकं हलवून बघितली, काही फरक नाही. स्क्रीन झोपण्याची वेळ बंद केली, फरक नाही. पंख्याचं बटण चालू-बंद केलं, एकदा गेला, नंतर नाही. संगणकाच्या नोंदींमध्ये प्रत्येक वेळी मॉनिटर निघाला आणि परत लागला असं दिसतं.

१०८० रेषांचं चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवायचं तर कडेची मोकळी जागा धरून २२०० गुणिले ११२५ गुणिले ६०, म्हणजे सेकंदाला १४.८५ कोटी ठिपके. एचडीएमआयच्या चित्र नेणाऱ्या तारांच्या तीन जोड्यांपैकी प्रत्येकीतून सेकंदाला जवळजवळ दीडशे कोटी बिट. एवढ्या वेगात बाहेरून एक जोराचा धक्का बसला की मॉनिटरची पकड सुटते आणि ती परत बसेपर्यंत पडदा काळा. बारीक, लांब केबलला हे जास्त होणार. पण धक्का देतंय कोण?

मुलांना वही दिली. गेला की वेळ लिहा, आणि त्या क्षणी खोलीत काय झालं तेही.

रविवार, २३ फेब्रुवारी

वहीआधी दुसरंच सापडलं. चार नंबरवरच्या मुलाला कॅबिनेटला पाय लागला की मुंग्या येतात. वॉटर कूलरच्या सॉकेटचं अर्थिंग चांगलं आहे. त्याच्या आणि कॅबिनेटच्या मधे मीटर धरला तर ११० व्होल्टच्या आसपास. जुनी इमारत: सॉकेटला तीन भोकं, तिसऱ्याला मागे तारच नाही. संगणकाच्या पॉवर सप्लायमधले गाळणीचे कॅपॅसिटर दोन्ही तारांपासून कॅबिनेटला जोडलेले असतात, अर्थिंग नसलं की कॅबिनेट निम्म्या व्होल्टवर तरंगतं. करंट अगदी थोडा, पण संगणक बिनअर्थिंगच्या सॉकेटवर आणि मॉनिटर अर्थिंगच्या सॉकेटवर असेल तर तो केबलभोवतीच्या धातूच्या जाळीतून वाट काढतो. केबल लावता-काढताना पोर्ट जळतात ते बऱ्याचदा असे. काकांना सांगितलं, हे आधी, बाकी नंतर. वायरमन येऊन नवी तार ओढेपर्यंत सगळे संगणक बंद.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. वायरमनने काल काम पूर्ण केलं, आज कॅबिनेटवर शून्याच्या जवळपास. अर्थिंगने तीन नंबरही सुधारेल अशी आशा होती. थोडा सुधारला, पण जातो अजून.

वही वाचली. "पंखा चालू केला." "कुणी काही केलं नाही." "मागचा चहाला उठला." "काही नाही." "मागची जेवायला उठली." "मागचा उठला." पंखा एकदाच, उठणं वारंवार.

मागे कुणी बसतं ते कंपनीकडूनच आलेल्या चाकांच्या खुर्च्यांवर, ज्यांची उंची गॅसच्या नळीने वरखाली होते. मी बसलो आणि झटकन उठलो, स्क्रीन काळा. परत बसलो, उठलो, काळा. हळू उठलो तर नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवरून कितीही उड्या मारल्या, काही होत नाही. साबुदाण्याची खिचडी खाणारी सगळी मुलं येऊन रांगेने उठबशा काढायला लागली, काका चिडले.

हा प्रकार माहितीतला आहे, फक्त इथे अपेक्षित नव्हता. माणूस उठला की नळीवरचा भार एकदम सुटतो, आतले धातूचे भाग एकमेकांपासून सरकतात आणि स्थिर विद्युत साठून आतल्या आत ठिणगी पडते. त्या ठिणगीची रेडिओ लहर आसपासची केबल अँटेनासारखी पकडते. फेब्रुवारीतली पुण्याची कोरडी हवा ह्याला पोषक. पावसाळ्यात हे सगळं बसवलं असतं तर कदाचित दिवाळीपर्यंत कळलंही नसतं.

रविवार, २ मार्च

तीन नंबरला दोन मीटरची जाड, चांगल्या जाळीची एचडीएमआय केबल. तिच्यासाठी कॅबिनेट टेबलावर घ्यावं लागलं, लिहायला जागा कमी झाली, त्याला इलाज नाही. दोन्ही टोकांना, केबलने पकडलेल्या लहरी अडवायला, फेराइटचे डबीसारखे मणी. मागच्या रांगेतल्या गॅसच्या खुर्च्या काढून ऑफिसात, त्यांच्या जागी प्लास्टिकच्या. काकांना चाकांची खुर्ची मिळाल्याचा आनंद लपवता येत नव्हता.

एकेक बदल वेगळा करून बघितला. फक्त मणी: थोडा फरक. फक्त केबल: खूप फरक, अगदी झटका देऊन उठलं तरच जातो. खुर्च्या हलवल्यावर शून्य. नुसत्या मण्यांवर मी पैसे घातले नसते.

शनिवार, ८ मार्च

आठवडाभर वहीत एकही नोंद नाही. सहाही मॉनिटरची ईडीआयडी टिपणं वाचून एक नंबरच्या संगणकावर साठवली. पुढे एखाद्याची चिप बिघडली तर लिनक्सला हे टिपण फाइलमधून देता येतं. केबलींना दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नंबर. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबलवर बाण काढून "संगणकाकडून मॉनिटरकडे" असं मराठीत लिहिलंय.

राहिलेलं: पाच नंबरचा पिवळटपणा, आणि सहा नंबरसाठी एक जादा व्हीजीए केबल. सातव्या टेबलासाठी एक मॉनिटर मिळतोय असं काका म्हणतात. देणाऱ्याला आधी मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगितलंय, सगळे पोर्ट दिसतील असा.